अण्णांनी पावसाळा वर काढला

मे महिन्याच्या शेवटाची गोष्ट. जुन्नरजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर अण्णांची बॅग भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी, तिकीट काढलेलं...

अण्णा म्हणजे माझे वडील. राहणार रोह्याजवळचे, जन्म तिथलाच, भातशेती तिथेच. आई गेल्यापासून माझ्या भावाकडे असतात. जुना दमा आहे. गेली दोन वर्षं दिवाळी झाली की ते माझ्याकडे येतात आणि मे संपायच्या आत परत जातात.

आधी हवेबद्दल बोलते. आमच्या रोह्याला ऋतू दोनच. पावसाळा, आणि उरलेले घामाचे महिने. लग्न होऊन इथे आले तेव्हा कळलं की वर्षाचे चार तुकडे असतात... पाऊस, मग ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन, मग कडक थंडी, मग उन्हाळा. प्रत्येकाची हवा वेगळी.

खरं सांगायचं तर ही कोरडी हवा मला आवडली नव्हती. पहिल्याच थंडीत टाचा फुटल्या, ओठांतून रक्त आलं. सासूबाई व्हॅसलीनची डबी माझ्या उशाशी ठेवून जायच्या. एकच गोष्ट पटली होती, बरणीतलं मीठ कधी ओलं होत नाही!

अण्णांचं मत माझ्याहून वाईट. इथल्या हवेला वास नाही म्हणायचे. जानेवारीत नाकातून रक्त आलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू ती थंडी मीच पाडली होती. पण मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा दम्याचा पंप टेबलावर तसाच पडून असायचा. नुसत्या हवेने दमा बरा होतो असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. इथे त्यांना झोप लागते, एवढं मी पाहिलं आहे.

आणि तरी जायचं. कारण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं... हे ते माझ्यासमोर कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी असेच गेले आणि जुलैत पाच दिवस दवाखान्यात होते. मी पोहोचले तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता. दोन वाक्यं बोलताना मध्ये थांबत होते. भिंतींना ओल, गादी दमट... भाऊ-वहिनी काळजी घेतात, पण पावसाला कोण काय करणार?

यंदा मी आणि नवऱ्याने पुष्कळ सांगून पाहिलं. सासूबाईंनीही सांगितलं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि बॅगेत आणखी एक सदरा ठेवायचे.

त्या संध्याकाळी गेनूबाबा आले. ते आमचे शेजारी, सत्तरीच्या पुढचे. मुलगा टोमॅटो करतो, पण बाबांनी वीसेक मेंढ्या अजून ठेवल्यात. अण्णांची आणि त्यांची रोज बैठक. तरुणपणी गेनूबाबा घरच्या मेंढरांबरोबर दर वर्षी घाट उतरून कोकणात जायचे. अण्णांच्या लहानपणी त्यांच्याही भातखाचरांत अशीच कुणाकुणाची मेंढरं बसायची. शेताला खत मिळायचं, मेंढपाळांना भात. दोघांचं बोलणं बहुतेक त्यावरच चालायचं.

बॅग बघून गेनूबाबांनी विचारलं, कधी निघणार. अण्णा म्हणाले, सकाळी. मी चहा घेऊन बाहेर आले.

मग गेनूबाबा शांतपणे म्हणाले, "पावणं, आमची मेंढरं मिरगाच्या आत घाट चढून वर यायची. तिकडच्या वलीत खुरं कुजायची त्यांची. तुमी मातर बरूबर त्याच टायमाला खाली चाललाय."

अण्णा हसले. म्हणाले, माणसाला स्वतःचं घर असतं.

"आमालाबी व्हतं की," गेनूबाबा म्हणाले. "तरी हितं चारा संपला की आठ-आठ म्हयनं तुमच्या खाचरांत काढायचो. पोरंबाळं घिऊन. तुमच्याकडल्या कुनी कदी इचारलं न्हाई, कवा जानार म्हनून. आता तुमी हितं पावसाळा काढा. त्यात लाजायचं काय?"

अण्णांचा चहा निवून गेला तरी कप हातातच. गेनूबाबा मेंढ्या कोंडायच्या आहेत म्हणून उठून गेले. मी आत येऊन उगीचच पोळ्यांची कणीक पुन्हा मळत बसले...

जेवताना अण्णांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, ते तिकीट रद्द होतं का हो मोबाईलवरून? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला, आणि विषय संपला.

आता श्रावण चालू आहे. इथेही पाऊस येतो, पण दोन तास पडून उघडतो, आणि दुपारी दोरीवरचे कपडे वाळतात. अण्णा रोज भावाला फोन करून तिकडे किती पडला ते विचारतात. मग आम्हाला सांगतात, हा इथला काही पाऊस नव्हे. भात लावताना आपण नव्हतो, याचं त्यांना वाईट वाटतं. ते मी खोडून काढत नाही.

कोरड्या हवेबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. पुढच्या थंडीत टाचा फुटतीलच. पण परवा अण्णा ओट्यावर बसून गेनूबाबांना आमच्या गावच्या पुराची एक लांबलचक गोष्ट सांगत होते. मी आतून ऐकत होते. अख्खी गोष्ट त्यांनी कुठेही न थांबता सांगितली.