टाकीखालचं बेसिन

मानोऱ्याकडच्या ज्या गावात मी ग्रामसेवक आहे, तिथली जुनी पाण्याची टाकी रिकामी आहे. टेकाडावर नवी झाली, तेव्हापासून हिच्यात थेंब नाही. खांबांतली सळई गंजून फुगली आहे आणि वारा नसतानाही वरून सिमेंटचे ढलपे पडतात. टाकीच्या पायाशी अंगणवाडी आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कारंज्याला अर्थशास्त्राच्या सरांनी शिकवलं होतं, की वरच्या सरकारने खालच्याला पैसे देताना अट घातली, तर ते भलतीकडे जात नाहीत. मला ते फार पटलं होतं. पाण्याचे पैसे कुणाच्या स्वागतकमानीत जाऊ नयेत, हे आजही योग्यच वाटतं. त्या सरांमुळे मी या खुर्चीत आहे.

पण टाकी पाडणं कुठल्याच अटीत बसेना. बंधित, म्हणजे अट घातलेल्या निधीतून पाण्याचं, स्वच्छतेचं नवं काम बांधता येत होतं. पाडकाम त्यात धरत नव्हते. मोकळा निधी दिवाबत्तीच्या बिलातच संपायचा. टाकी मोडीत काढायची परवानगी जिल्ह्याहून यायची होती, ती मागूनही आली नाही. अंगणवाडीतलं हात धुण्याचं बेसिन मात्र लगेच मंजूर झालं.

“म्हंजे टाकी पाडाले पैसे नाई, अन् तिच्या बुडाशी नळ लावाले हायेत?” सरपंच हसले. “साहेब, तुमी तं शिकेल मानूस. हे कोनत्या पुस्तकात हाये?”

बेसिन झालं. निळ्या टाइल्स, पोरांच्या उंचीचे नळ. एक ढलपा त्यात येऊन पडला, त्याच दिवशी सेविकेने मुलं उचलून समाजमंदिरात नेली. मला हायसं वाटलं.

मग वरून कळवलं गेलं : मुलं हात धुताना दिसतील असा फोटो पोर्टलवर चढवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्या हप्त्यात गावाबाहेरच्या तांड्याची पाइपलाइन होती. तांड्यावरच्या बाया अजून शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहतात.

मी सेविकेला म्हटलं, “ताई, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो काढू अन् निघू.”

“काहून, टाकीले दोन मिनिटं थांब म्हनून सांगून आले काय?”

सरपंच मध्ये पडले. “बाई, इतके दिवस नाई पडली, आजच पडून राह्यली काय?”

“मंग तुमच्या नातवाले पयले उभा करा, भाऊ.”

सरपंचांचा नातू अंगणवाडीतच होता.

शेवटी आम्ही मोठी माणसंच गेलो. सेविका आणि सरपंच बुटक्या नळांशी वाकून हात धुवू लागले, मी फोटो काढला. काढताना मला वर बघवेना. फोटो परत आला. शेरा होता : लाभार्थी दिसत नाहीत. तालुक्याच्या साहेबांनी माझं सगळं समजुतीने ऐकलं आणि मुदतीची आठवण करून दिली.

तांड्यावरच्या बाया पाइप कधी येणार ते विचारायला आल्या. मी खरं तेच सांगितलं.

“फोटोचंच अडलं ना?” त्यांतली एक म्हणाली. “मंग आमचे लेकरं घ्या.”

मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायांनी लेकरं पंचायतीच्या पायरीवर आणून बसवलेली, तेल लावून, भांग पाडून. मी पुन्हा नको म्हटलं.

“राहू द्या साहेब, मोबाइल आमच्यापाशीबी हाये,” कालचीच ती म्हणाली आणि सगळ्या लेकरांना घेऊन टाकीच्या वाटेला लागल्या.

मी धावत जाऊन त्यांना अंगणवाडीच्या कुंपणाशी अडवलं. त्या माझ्यावर चिडून परत गेल्या. मुदत अजून संपलेली नाही, आणि माझ्याकडे दोन गावं आहेत; आठवड्यातले निम्मे दिवस मी दुसऱ्या गावी असतो.