हमीदभाईची वापसीची गाडी

हमीदभाईले मी पहिल्यांदा पाह्यलं तवा मले ते चोर वाटले. साठी झालेल्या मानसाबद्दल असं लिहू नये, पन त्याईच्या साठीनिमित्त हा अंक काढनाऱ्या आमच्या तालुक्यातल्या दुकानदाराईनंच सांगतलं का पहिली ओळख कशी झाली तिथून सुरू करा. ओळख अशीच झाली, त्याले मी काय करू?

आमच्या वरवट बकालात साऱ्याईचे टेम्पो भरून येतात आन रिकामे जातात. याईचा रिकामा आला आन शेजारच्या दुकानातून चार खोके भरून निंघाला. मंग माह्या दारासमोर थांबला. खाली उतरून म्हनतात, "भाभी, काही वापस द्यायचं हाय का?"

मी म्हनलं, "पह्यले चपला काढा."

"काऊन?"

"पाय पाहाचे हायत. उलट्या पायाचं ते भूत असते म्हनतात."

त्याईनं खरंच चपला काढल्या. पाय धुळीनं भरेल होते, पन बोटं समोरच होती. "पाय सीधे हाय भाभी," ते म्हनले, "रस्ता उलटा हाय."

त्या दिवसापासून ते माह्या दुकानावर येऊन राह्यले, दर शनिवारी. शेगावच्या एजन्सीचं काम. बिस्किटं, साबन, चहापत्ती, शाम्पू, जे फुटलं, उंदरानं कुरतडलं, नाही त तारीख जवळ येऊनही खपलं नाही, ते गोळा करून वापस नेयाचं. जुनं वापस गेल्याबिगर नवं येत नाही, असा एजन्सीचा कायदा. पोचवनाऱ्याले सारे चहा पाजतात, वापस नेनाऱ्याले कोनी पानी बी विचारत नाही. मीही पह्यले विचारलं नाही, हे कबूल करते.

हमीदभाईइतका या भागाचा हाल कोनाले समजला नसन. संग्रामपूरपासून इथपर्यंत कोन्या गावात कसं साल हाय, ते त्याईले गाडीवरून दिसे. बीटीचं बियानं नवं नवं आलं, कापूस धो धो पिकला, तवा त्याईची गाडी फडफड करत रिकामी जाय. साल बिघडलं का पह्यले शाम्पू वापस येई, मंग बिस्किटं. "चहापत्ती वापस याले लागली भाभी," एकदा म्हनले, "का समजा, घरातले लोक एकमेकाशी कमी बोलून राह्यले." बोंडअळी आली त्या साली चहापत्तीचे खोके त्याईनं हातानं नाही उचलले, छातीशी धरून नेले. तसंच दिसते मले अजून.

त्याच साली बजारातला एक जन त्याईले माह्यासमोर म्हनला, "हा तारखेचा माल मले देऊन टाका, जत्रेत विकतो. खेड्यातलं कोन वाचते तारीख?"

हमीदभाई म्हनले, "कोनी वाचत नाही म्हनूनच मले वाचा लागते." आन त्याच्यासमोरच एकएक पुडा फाडून पोत्यात टाकला. राग नाही, आवाज नाही. शेंगा सोलाव्या तसं.

मी चिडवाले कमी केलं नाही. आमचे हे जाऊन तवा तीन वर्सं झाली होती. एका शनिवारी म्हनलं, "हमीदभाई, एवढं सारं वापस नेता, एखांद्या खेपेले आमच्या याईले वापस आना."

दुसरा कोनी असता त ओशाळला असता. त्याईनं सातपुड्याकडे पाह्यलं आन म्हनले, "तो माल वरच्या एजन्सीचा हाय भाभी. तिथी आपली पावती चालत नाही." मी हसली. हसता हसता डोळे पुसले. त्या दिवसापासून त्याईले चहा सुरू झाला.

आता जे सांगाले बसली ते सांगते. ते साल मले झोपेतल्यावानी आठोते. कापसाचा भाव पडेल होता आन भाव येईन म्हनून कोनी कापूस विकेना. घराघरात कापूस. वसरीत कापूस, देवघरात कापूस, लेकरं कापसावर झोपत आन सकाळी केसात धागे घेऊन उठत. दार उघडलं का वाटे ढगातच पाय ठेवला. घरात एवढं पांढरं, आन दुकानात मात्र बिस्किटाले हात लावनारं कोनी नाही. माह्या पुढच्या खोलीत बारा खोके तसेच राह्यले.

आमच्या दिराले ती खोली कापसासाठी पाहिजे होती. हे गेल्यावर मी तिथी दुकान टाकलं ते त्याईले आधीपासून पटेल नव्हतं. म्हनले, "वहिनी, शनिवारपावतर खोके हालले त तुमचं दुकान. नाही त रविवारी मी कापूस भरतो." त्या खोलीबिगर मले गावात बसाले जागा नव्हती. मागं चूल होती फक्त.

आन खोके त हमीदभाईनं मागच्याच शनिवारी नेले होते. एजन्सीनं वापस धाडले. चूक माहीच. दिवाळीले मी दुकानातल्या लक्ष्मीची पूजा केली. जाऊ म्हनली, तू कायले हात लावते, मी लावते हळदकुंकू. मी म्हनलं, दुकान माहं, बोट माहं. आन हरेक खोक्यावर चांगली पांढरी चौकट दिसली तिथी ठसठशीत ओलं कुंकू लावलं. तारीख आन नंबर त्याच चौकटीत छापेल असते, हे कोनाले माहीत? नंबर दिसत नाही, माल घेत नाही, असं गोदामवाल्यानं सांगतलं.

शनिवारी हमीदभाई आले. एका खोक्याले पान्याचं बोट लावून पाह्यलं, त कुंकवासंगं नंबरही गेला. तो खोका बाद झाला, अकरा राह्यले. दीर दारात उभे. हमीदभाईनं दारात खाली सांडेल कापूस घेतला, सरकी काढली, त्यावर खोबरेल तेलाचा थेंब घेतला. आन हात खोक्याजवळ नेऊन थांबले.

"काय झालं?" मी म्हनलं.

ते खाली पाहून म्हनले, "भाभी, तुमच्या घरात मी कुंकू कसं पुसू?"

मले तोंडाले आलेली मस्करी गिळा लागली. मी म्हनलं, "या घरात एकदा पुसून झालं हमीदभाई. तवा मले कोनी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं. पुसा."

दीर दारातून बाजूले झाले.

हमीदभाईनं पुसलं, पन नंबरापुरतंच. एकएक आकडा, हलक्या हातानं, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. भोवतालचं कुंकू तसंच ठेवलं. अकराही खोक्यावर लाल कडा, आन मधात आकडे. मले ते खोके तवा इतके सुंदर दिसले का वाटलं, देऊच नये.

त्याईनं ते नेले, आन स्वतः गोदामवाल्यासमोर उभे राहून एकएक नंबर वाचून दाखवला. संध्याकाळी टेम्पो पुन्हा दारात आला. या मानसाचा टेम्पो मी पहिल्यांदा भरून येताना पाह्यला. नवा माल उतरवला. रविवारी दिराईनं कापूस भरला, पन स्वतःच्या वसरीत. खोलीबद्दल त्यानंतर शब्द नाही काढला.

पुसलेला लाल कापूस हमीदभाईनं मुठीत ठेवेल होता. "हा रस्त्यावर नाही टाकत मी," म्हनले, आन माह्या हातात दिला. तेल त्याले लागेलच होतं. मी त्याच्या वाती वळल्या आन दुकानातल्या लक्ष्मीसमोर लावल्या. तवापासून दर दिवाळीच्या आधी ते येतात, कानामागची पेन्सील काढतात आन नव्या खोक्यावर एक गोल काढून म्हनतात, "भाभी, कुंकू इथी." मी मुद्दाम इचारते, "कुठी?" ते पुन्हा दाखवतात.

हमीदभाई, तुम्हाले साठ वर्सं झाली. गुडघे जपा, गाडी हळू चालवा, आन बायकोचं ऐका, म्हंजे प्रकृती राहीन. आनखी लई वर्सं जगा. तुमची गाडी आमच्या गावातून दर शनिवारी रिकामी वापस जावो. पन तुम्ही येत जा. चहा ठेवेल असते.