मूठभर बेदाणा

"तोंड उघड."

सुपरवायझर माझ्यासमोर उभा होता. शेडमध्ये आम्ही वीस-बावीस बायका. सगळ्यांचे हात थांबलेले. पट्ट्यावरून बेदाणा न निवडताच पुढं चाललेला.

"उघड म्हणतोय न्हवं. काय हाय तोंडात?"

मी उघडलं. चाळिशीची बाई मी, दोन लेकरांची आई. धाकट्या दिराच्या वयाच्या माणसापुढं जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेवर अर्धा चावलेला बेदाणा.

"बघा गं समद्याजणी," तो म्हणाला. "शुगर हाय म्हणून रडती आन मूठ भरून बेदाणा हाणती. चोर ती चोर, वर खोटारडी."

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

तासगाव रस्त्याला आमचं शेड. काड्या, खडे, काळे मणी निवडून काढायचं काम. मला शुगर आहे, दोन वर्षं इन्सुलिन चालू आहे. सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात भाकरी जावी लागते. हे कामाला लागतानाच मी सुपरवायझरला सांगितलं होतं. जेवणाची सुट्टी एकला, म्हणून साडेबाराला संडासात जायचं, कडी लावायची, नाक दाबून पोटात सुई टोचायची. दुसरी जागा कुठली? त्या दिवशी टोचून बाहेर आले आणि हा ओरडला, "ट्रक थांबलाय. जेवण आज अडीचला."

मी म्हटलं, "आवं दादा, मी सुई घेतलीया. दोन घास खाऊन येते."

"तुझ्या एकटीसाठी पट्टा बंद ठेवू व्हय?"

तिथं मी गप्प बसले. माझी चूक म्हणाल तर ती. ह्याच पगारातून इन्सुलिन येतं. काम गेलं की सुई गेली. दीडच्या सुमाराला हात कापायला लागले. घाम फुटला. एका मण्याचे दोन दिसायला लागले. शुगर अशी खाली उतरली की गोड लागतं, लगेच लागतं, नाहीतर माणूस हातचं जातं. डबा बाहेर खुंटीला, पायात त्राण नाही. समोर बेदाण्याचा ढीग. मूठ भरली आणि तोंडात कोंबली.

मार्केटात सौद्याला, लिलावाची बोली चालू असताना, हाच बेदाणा मुठीनं उधळतात, पायाखाली तुडवतात. त्याला चोरी म्हणत नाहीत.

शुगरवाल्यानं गोड खाल्लं की तो खोटा, एवढंच लोकांना कळतं. पण मालकांना सगळं कळत होतं. दसऱ्याला शेडमध्ये पूजा होती. मालकांच्या आईंनाही शुगर. पूजा लांबली, जेवण राहिलं, आणि त्या बसल्या जागी घामानं भिजून कलंडल्या. मालकांनी स्वतः पूजेच्या ताटातला बेदाणा उचलून त्यांच्या तोंडात घातला. पदरानं वारा मीच घालत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

संध्याकाळी ऑफिसात बोलावलं. मालक खुर्चीत, सुपरवायझर दाराशी. टेबलावर कागद. 'मी चोरी केली. पुन्हा करणार नाही.'

"सही कर आन उद्या कामावर ये," मालक म्हणाले. "मी काय लय ताणत न्हाई."

पेन हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. पण 'चोरी' हा शब्द पुन्हा वाचला आणि अंगाची आग झाली.

"मालक, दसऱ्याला आईंच्या तोंडात बेदाणा कुणी घातला?"

"ती माझी आय हाय."

"मीबी कुणाची तरी आय हाय."

मी कागद उलटा केला. सातवी शिकलेय, लिहिता येतं. लिहिलं, 'मला शुगर आहे. जेवण लांबवलं म्हणून हात कापायला लागले, म्हणून बेदाणा खाल्ला. पुन्हा कापले तर पुन्हा खाईन.' खाली सही केली.

"आसलं चालत न्हाई हितं," सुपरवायझर म्हणाला.

"मग तुमी चालवा," म्हटलं, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला संडासाकडं गेले नाही. पट्ट्याजवळच पदर सारला आणि सगळ्यांदेखत सुई टोचली. हसलेल्या बायकाही बघत होत्या. एकला डबा उघडला. ट्रक बाहेर उभा होता. राहू दे उभा. काढायचं तर काढा मला. पण माझी सुई आता लपणार नाही, आणि उपाशीपोटी मी कुणाचा ट्रक भरून देणार नाही.