तिरडीवरून ऐकलेलं रडणं

मागच्या थंडीत मी एकदा मेलो. सिनेमासाठी.

पुण्याची एक पोरगी आमच्या कोल्हारात सिनेमा करायला आली. बरोबर एक टेम्पो, एक जुनी मोटार आणि कायम उपाशी दिसणारी चार-दोन पोरं. गोष्ट अशी, की पोरगा शहरात असतो, बाप आजारी असल्याचा निरोप जातो, हा आज निघतो उद्या निघतो करतो आणि येतो तेव्हा बाप तिरडीवर. मग उरलेला सगळा सिनेमा तो स्वतःला खात बसतो. मी विचारलं, "ह्यात हसायचं कुठं हाय?" ती म्हणाली, "कुठंच नाही, आजोबा." मला तिथंच शंका आली.

माझं घर तिला पसंत पडलं. रस्त्याला लागून आहे आणि, तिच्या भाषेत, "रिकामं वाटतं." बायको जाऊन दोन वर्षं झाली, मूलबाळ आम्हाला नव्हतं. घर रिकामं आहे हे सांगायला पुण्याहून यायची गरज नव्हती.

बापाचं काम करायला नगरचा एक नट आणलेला. तिरडीवर निजला, पण त्याचं पोट काही थांबेना. लोहाराच्या भात्यासारखं वरखाली. पोरगी सांगून थकली, नट चिडून उतरला. मी म्हणालो, "सरका, मी निजतो. कधीतरी निजायचंच हाय."

"आजोबा, घरच्यांना चालेल?"

"घरचं हाय कोन?"

एक होती खरं. बायकोची धाकटी बहीण, राहुरीला दिलेली. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. त्याचं असं झालं. आमच्याकडं दहाव्याला नदीवर पुढारी माईक धरून श्रद्धांजली वाहतात. मयताला ओळखत असो नसो, भाषण होतंच. बायकोच्या दहाव्याला एक जण म्हणाला, "ताई अत्यंत मितभाषी होत्या." आता माझी बायको घाटावरून बोलली तर प्रवरेच्या पलीकडची म्हैस मान वर करायची. मला हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं. मेव्हणी ताडकन उठली. "बहीन गेली आन् ह्यांना हसू सुचतंय!" म्हणाली आणि गेली. दोनदा तिच्या दारात जाऊन आलो. दोनदा दार लागलं. माझ्या बायकोला लहानपणी परकर-पोलक्यात पाहिलेलं एवढंच एक माणूस उरलं होतं. तीच बोलत नाही म्हटल्यावर बायकोचा विषय काढायचा कुणाशी? पण हसलो त्याची माफी मी मागणार नव्हतो. तिथं बायको असती तर माझ्याआधी हसली असती.

तर मी निजलो. नाकात कापूस, कपाळाला बुक्का, वरून पांढरं कापड. भोवती गावातल्याच बायका बसवलेल्या. पोरगीनं त्यांना बजावलं, "रडायचं नाही. शांत दुःख हवंय." बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शांत दुःख आमच्या गावात कुणी केलेलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून एसटी गेली. तीत मेव्हणी होती. खिडकीतून तिनं काय पाहिलं? माझं दार, दारात तिरडी, टोप्या घातलेली माणसं. कॅमेरा काही तिला दिसला नाही. पुढच्या थांब्यावर उतरली आणि आमच्या रीतीप्रमाणं वळणापासूनच तिनं गळा काढला.

आता कुणी तिला थांबवायला नको? पण रडत येणाऱ्या बाईला अडवायची आमच्यात पद्धत नाही. माणसांनी वाट दिली. आणि बायका! गळा ऐकल्यावर त्यांना राहवेना. त्यांनीही उत्तराला सूर धरला. मी नुसता निजलोय हे सगळ्यांना ठाऊक, तरी सगळ्या रडायला लागल्या. पोरगी कुजबुजली, "थांबू नका, चालू ठेवा!"

मेव्हणी माझ्या छातीवर पडली. "दाजी वोऽऽ! न बोलताच गेले वोऽऽ!"

बोलणं तिनंच बंद केलेलं.

"माझ्या आक्काला फुलावानी ठिवली वोऽऽ!"

माझ्या जिवंतपणी हीच म्हणायची, की माझ्या बहिणीला बैलासारखी राबवली. मला बरं वाटत होतं. अजून थोडं ऐकावं म्हणून निपचित राहिलो.

मग तिचा आवाज खाली आला. रीतीचं रडणं संपलं आणि ती नुसतीच माझ्या कानाशी बोलली. "दाजी, त्या दिशी तुमी हसले ते बरुबर हसले. आमची आक्का कवा मितभाषी हुती?"

इथं माझं पोट हललं. नटाचं काय हललं असेल! डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि पोट हसत होतं, दोन्ही एकदमच. मेव्हणीनं मान वर केली. मी एक डोळा उघडला.

ती किंचाळली. दोन बायका, सकाळी माझ्याबरोबर चहा प्यालेल्या, उठून पळाल्या. मग मेव्हणीनं माझ्या खांद्यावर असा रट्टा दिला, की तिरडीचा बांबू कुरकुरला.

"लाज वाटती का वो? म्हातारपनी ही थेरं?"

पोरगी पळत आली, हात जोडून. "मावशी, फार सुंदर झालं! शेवटचं तेवढं परत एकदा..."

"ह्यांना आधी नीट मरू द्या, मंग येते!" म्हणाली, पिशवी उचलली आणि रस्त्याला लागली.

आता ही गेली तर पुन्हा यायची नाही. मी तसाच उठलो, तिच्या मागं निघालो. कापड गुंडाळलेलं, नाकात कापूस. ऊस भरलेला ट्रॅक्टर माझ्यासाठी जागीच थांबला. ड्रायव्हरनं हात जोडले.

मेव्हणीनं मागं वळून पाहिलं. तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. रडत नव्हती.

"चला घरी," म्हणाली, "लोक भितेत."

घरी आली, पण आत येईना. तिरडीला शिवले, आधी अंघोळ पाहिजे, म्हणाली. मी म्हणालो, "मी जिता हाय, इटाळ कशाचा?" ती म्हणाली, "जिता असल्यावानी वागा मंग." पाणी मीच तापवलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही बायकोबद्दल बोललो. आक्का लहानपणी शेजाऱ्याच्या पेरूवर कशी चढायची, ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत चढताना तिनं बजावलं, "खरं मरताल तवा आधी फोन करा. न्हाईतर मी बसमधून उतरनार न्हाई."

मी दर रविवारी फोन करतो. अजून मेलो नाही म्हणून सांगतो. ती "बरं" म्हणते, आणि पेरूच्या पुढचं सुरू करते.