न वाळणारी अक्का

प्रयोगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं ठेवलेलं. आणि अक्कानं एकदा ठेवलेलं नाव बदलायची टाप कुणाची?

तीस वर्षं प्रयोगरावांनी कारखान्यात लेथ मशिनांना हिरवा रंग मारला. एवढं झाल्यावर दुसरा कुणी निवृत्त होऊन रंगाच्या डब्याकडे पाठ फिरवून बसला असता. हे मात्र घरी आले ते कॅनव्हासची गुंडाळी काखेत मारूनच. लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा अक्काच्या घरी माडीवरची खोली मिळाली. मोठी खिडकी, भरपूर उजेड. तिथे त्यांनी तैलचित्रांचे प्रयोग सुरू केले.

प्रयोग म्हणजे अगदी नोंदवहीतले. प्रयोग क्रमांक सात : रंगात लाकडाचा भुसा. निष्कर्ष : झाड छान, पण मुंग्या लागल्या. प्रयोग क्रमांक एकोणीस : ब्रशऐवजी रबरी पट्टी. निष्कर्ष : समुद्र जमला, होडी पुसली गेली. रंगाचा थर किती जाड झाला हे ते व्हर्नियरनं मोजायचे. "डोंगर सव्वादोन मिलिमीटर," असं म्हणून ते समाधानानं मान हलवायचे. चित्र चांगलं की वाईट, हा कॉलम वहीत नव्हताच.

अक्का खाली शिवणकाम करायची. सोफ्यांची कव्हरं, पडदे, गाद्यांच्या खोळी. खालच्या खोलीत उजेड कमी. एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवता तिचा पारा चढला आणि ती तडक माडीवर आली.

"तीन वर्षं झाली. इथून एक तरी चित्र बाहेर पडलं का?"

"अक्का, प्रयोगाला वेळ लागतो."

"मग आता शेवटचा प्रयोग कर. माझं चित्र काढ. येत्या रविवारी बघणार मी. माणसासारखी दिसले तर खोली तुझी. नाहीतर माझं मशीन वर आणि तुझे डबे खाली, जिन्याखाली!"

जिन्याखाली उजेड नव्हता. तिथे प्रयोगरावांना स्वतःचा हातही नीट दिसला नसता.

त्यांनी त्याच दिवशी प्रयोग क्रमांक एकेचाळीस मांडला. खरे वाटतील असे गाल! नुसते रंगवलेले नाहीत, चांगले चार मिलिमीटर उठावदार. पॅलेट नाइफनं पांढरा, गुलाबी आणि थोडा पिवळा रंग ढिगानं चढवला. रंग घट्ट होता, तेल हवं होतं. जवसाच्या तेलाची बाटली उपडी केली तर दोन थेंब. दुकान बंद. प्रयोगराव खाली गेले, अक्का भाजी आणायला गेली होती. मशीनच्या खणातून तेलाची कुपी उचलली आणि सगळी गालांत ओतली. तेल ते तेल! वर हात पुसून वहीत लिहिलं : चकाकी उत्तम.

चित्र खरंच उत्तम होतं. सोमवारपर्यंत.

मंगळवारी गाल किंचित खाली आले. बुधवारी त्यांनी ओठांची टोकं सोबत ओढली. गुरुवारी चित्रातली अक्का कडू औषध प्यायल्यासारखी दिसू लागली आणि शुक्रवारी तर ते औषध तिला प्रयोगरावांनीच पाजलं होतं अशा नजरेनं ती बघत होती.

खालून मशीनचा आवाज येत होता, कुर्रर्र कुर्रर्र. "अहो, हे असं का ओरडतंय?" अक्का नवऱ्याला विचारत होती.

प्रयोगराव मागच्या दारानं रंगवाल्यांच्या दुकानी पळाले. रंगवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मशीनचं तेल? अहो पेंटर, जवसाचं तेल हवा लागून घट्ट होतं. मशीनचं तेल वाळू नये म्हणूनच बनवतात. वाळलं तर मशीन जाम नाही का होणार?"

"मग हे कधी वाळेल?"

"तुमच्या हयातीत तरी नाही."

तीस वर्षं लेथच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हे दुकानात जाऊन कळावं! प्रयोगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परतीच्या वाटेवर कारखानाच त्यांच्या कामी आला. रंग मारलेल्या नगावर ओघळ आला की फोरमन काय म्हणायचे? "उलटा टांग!"

घरी येताच त्यांनी अक्काला खाली डोकं वर पाय टांगली. म्हणजे चित्रातल्या. शनिवारी गाल परत निघाले. रविवारी सकाळी ते जागेवर आले होते; पण तेवढ्यात प्रयोगरावांचा आंघोळीत जरा वेळ गेला, आणि गाल जागा सोडून थोडे पुढे सरकले. चित्र सुलट करतात तोच जिन्यावर पावलं वाजली.

अक्का आली. मागून भावोजी, हातात चहाचा कप.

अक्का चित्रासमोर उभी राहिली. चित्रातल्या अक्काचे गाल वर चढले होते, ओठांची टोकं त्यांच्याबरोबर. ती चक्क हसत होती.

प्रयोगरावांनी मनातल्या मनात डबे जिन्याखाली नेऊन ठेवलेसुद्धा.

"मी नाही अशी हसत," अक्का म्हणाली.

"हसायचीस की," भावोजी म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा अशीच. मी तर फसलो त्या हसण्याला!"

"अहो, धाकट्या भावासमोर काहीतरीच काय!" अक्का म्हणाली. पण तिनं पदराचं टोक ओठांवर धरलं आणि चित्राकडे आणखी बराच वेळ पाहिलं. "राहू दे तुझी खोली. हे मात्र खाली बैठकीत लागणार."

आता प्रयोगरावांना सांगणं भाग पडलं. "अक्का, एक आहे. हे आठवड्यातून एक दिवस उलटं टांगावं लागेल. नाहीतर तू... नाराज होतेस."

"का? वाळलेलं नाही?"

"वाळणारही नाही."

अक्कानं चित्रातल्या गालाला बोट लावलं. बोट चकाकलं. तिनं ते नाकाशी नेऊन हुंगलं, आणि चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही.

"माझ्या मशीनचं तेल कुठे गेलं रे?"

प्रयोगराव दोन पावलं मागे सरकून चित्राच्या आड उभे राहिले. "सगळं सुखरूप आहे अक्का," ते तिथून म्हणाले. "अर्धं डाव्या गालात, अर्धं उजव्या."