बाकूचे डाव मांडणारी पूर्णिमा

पूर्णिमा गजभियेला पहिली फिट आली तेव्हा ती जिंकत होती. साल दोन हजार, डिसेंबर महिना, रायपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या सभागृहात शाळकरी मुलामुलींची जिल्हा बुद्धिबळ स्पर्धा चाललेली. वय चौदा. समोरचा मुलगा हनुवटीला हात लावून विचार करत होता, आणि तिला अचानक रबर जळाल्यासारखा वास आला. वास कुठून येतोय ते बघायला तिनं मान वळवली. त्यापुढचं तिला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ती फरशीवर होती, मोहरे विखुरलेले, कोणीतरी तिच्या नाकाशी चामड्याची चप्पल धरलेली आणि चहूकडे नुसते पाय. सलवार ओली झाली होती. पुढे आयुष्यात बरंच काही झालं, पण ते ओलेपण ती कधी विसरली नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरगी आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी चुकवायची नाही, बाकी पोरीला शिकू द्या, खेळू द्या. तिची आई अंजनाबाई हिनं त्यातला पहिला शब्द तेवढा ऐकला.

"डोक्याले ताण देते ते बुद्धिबळ, म्हणून झालं हे," घरी आल्या आल्या ती नवऱ्यावर कडाडली. "आता पट दिसला तर चुलीत घालीन."

"डॉक्टर म्हणते, खेळल्यानं काही होत नाही," दयाराम हळूच म्हणाला.

"डॉक्टरले पोट्टीचं लगन नाही करायचं. मले करायचं हाय."

रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता दयाराम, भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेल्या बापाचा मुलगा, रायपूरच्या गुढियारी वस्तीतच वाढलेला. त्याला बुद्धिबळाचं वेड लागलं ते एका रद्दीच्या गठ्ठ्यापायी. भिलाईचा कारखाना उभारायला आलेले रशियन इंजिनिअर जाताना पुस्तकं-मासिकं मागे टाकून गेले होते, त्यातलं एक मासिक फिरत फिरत गुढियारीच्या रद्दीवाल्याकडे पोचलं. आत पटाची चित्रं. अक्षर एक कळेना, पण घरांचे आकडे कळत होते. दयारामनं तीन आठवडे मोहरे हलवून हलवून शोधून काढलं, की हे अक्षर म्हणजे घोडा, हे म्हणजे उंट. पुढं भिलाईच्या एका दुभाष्यानं त्याला सांगितलं की हे डाव बाकू नावाच्या शहरात खेळलेले आहेत. समुद्राकाठचं तेलाचं शहर, तिथं सतत वारा असतो. मग पंच्याऐंशी साली त्याच बाकूचा बावीस वर्षांचा कास्पारोव्ह जगज्जेता झाला, आणि दयारामनं कारखान्यात पेढे वाटले. "आपल्या मासिकाच्या गावचा पोट्टा हाय!" लोक हसले.

पुढच्या वर्षी पूर्णिमा झाली. तिला अक्षरओळखीच्या आधी मोहरे ओळखता यायला लागले.

आईनं बंदी घातल्यावर बाप-लेक पटाशिवाय खेळू लागले. दयाराम दाढी करता करता चाल सांगायचा, ती पीठ मळता मळता उत्तर द्यायची. अंजनाबाईला वाटायचं दोघं पाढे म्हणतात. स्पर्धा मात्र कायमच्या सुटल्या. कॉलेज झालं, टायपिंग झालं. वर्षातून दोनदा-तीनदा फिट यायची, कधी सहा-सहा महिने यायची नाही. पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोणाला कळू नये म्हणून तिला लग्नसमारंभांना नेणंही बंद झालं.

दोन हजार आठ साली बाकूत एक मोठी स्पर्धा झाली आणि पहिल्या तिघांत तिथलाच एक मुलगा आला, वुगार गाशिमोव्ह. पूर्णिमाच्याच वयाचा, एकाच साली जन्मलेला. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तो बेनोनी नावाचा बचाव खेळायचा. मातब्बर खेळाडू तो टाळत, कारण त्यात काळ्याला सुरुवातीलाच जागा कमी मिळते, श्वास कोंडतो. हा मुलगा त्या कोंडमाऱ्यातून प्रतिहल्ला काढायचा. पूर्णिमा चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन त्याचे डाव उतरवून आणायची आणि बापासमोर मांडायची. आता आईही काही बोलत नव्हती. मुलगी बावीसची झाली होती, कुठंच जुळत नव्हतं, आईच्या मनात दुसरीच काळजी होती. पुढच्या वर्षी गाशिमोव्ह आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनी अझरबैजानला युरोपचं सांघिक सोनं मिळवून दिलं, तेव्हा दयारामनं पुन्हा पेढे आणले. तोवर निवृत्त झाला होता, त्यामुळे घरातल्या घरातच वाटले.

दोन हजार अकराला लग्न जुळलं. मुलगा दुर्गचा, सुशील, सरकारी कार्यालयात बाबू. आजाराबद्दल त्यांना सांगायचं नाही, असं अंजनाबाईनं ठरवलं.

"एकदा संसार लागला का कोण काय म्हणते? गोळ्या ताकदीच्या हायत म्हणून सांगजो."

पूर्णिमानं बापाकडे बघितलं. दयारामनं मान खाली घातली. ती होकाराचीच होती.

चौथ्या महिन्यात स्वयंपाकघरात फिट आली. सासूसमोर. कढईतलं तेल हातावर सांडलं. तो डाग अजून मनगटावर आहे. सुशील वाईट माणूस नव्हता. हातावर मलम त्यानंच लावलं. पण दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन गुढियारीला आला, बॅग ओट्यावर ठेवली आणि दयारामला एवढंच म्हणाला, "काका, बिमारीचं काही वाटलं नसतं. तुमी खोटं काहून बोलले?" आणि चहा न घेता गेला. परत आला नाही.

त्यानंतरची दोन वर्षं पूर्णिमा जवळजवळ घरातच होती. गाशिमोव्हचं नावही स्पर्धांच्या यादीतून नाहीसं झालं. दोन हजार चौदाच्या जानेवारीत दयारामला हिंदी पेपरच्या कोपऱ्यात चार ओळी दिसल्या. सत्ताविसाव्या वर्षी गेला. दोन हजार सालीच मेंदूत गाठ निघाली होती, झटके यायचे.

पूर्णिमानं त्या चार ओळी उभ्यानं वाचल्या, मग बसून वाचल्या. दोन हजार साल. म्हणजे ती सभागृहाच्या फरशीवर पडली त्याच वर्षी. हा झटके घेऊन जगात सहाव्या नंबरापर्यंत गेला, आणि आपण पीठ मळत चाली सांगत बसलो.

"बाबा, त्याच्या घरच्यांनी त्याले खेळू दिलं," ती म्हणाली.

त्या दिवशी दयाराम जेवला नाही. पाच वर्षांनी हृदयविकारानं गेला, तोवर हा विषय त्यानं एकदाही काढला नाही. पण त्याच आठवड्यात त्यानं शेजारपाजारच्या घरांत जाऊन सांगितलं, की आमची पूर्णिमा मुलांना बुद्धिबळ शिकवेल. शिकवणी सुरू झाली.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये विश्वचषक बाकूतच झाला आणि भारताचा अठरा वर्षांचा मुलगा अंतिम फेरीत गेला. शाळा-शाळांतून बुद्धिबळाचे तास सुरू झाले. तेलीबांध्याच्या पुढं, नवा रायपूरच्या वाटेवरच्या एका खासगी शाळेनं पूर्णिमाला बोलावलं. नेमणुकीच्या अर्जात एक रकाना होता, काही गंभीर आजार आहे का? तिचं पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, नाही. या वेळी आईनं सांगितलं नव्हतं, बापानं मान खाली घातली नव्हती. तिचं तिनं लिहिलं.

दीड वर्ष ती सुखात होती. दोन बस बदलून जायची, मोकळ्या रुंद रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहायची, आणि तास सुरू झाला की गोष्ट सांगायची. आपल्याकडचा चतुरंग इराणात कसा गेला, तिथून कास्पियन समुद्राकाठी कसा पोचला. तिकडं वजिराला वजीरच म्हणतात, प्याद्याला पियादा, पण आपला उंट त्यांचा हत्ती होतो. मुलं खूश व्हायची. सोव्हिएत काळात तिथं पोरांच्या क्लबांतून, शाळा सुटल्यावर, हा खेळ शिकवत. मग नव्वद साली शहरात दंगे झाले, जगज्जेत्यालाही घरच्यांना घेऊन गाव सोडावं लागलं. देश नवा झाला, लढाई झाली, आणि तशा दिवसांत वाढलेली पोरं मोठी होऊन युरोप जिंकून आली. सरकारनं मग बुद्धिबळासाठी योजनाच आखली.

"और गाशिमोव कैसे मरे, दीदी?" अनुश्री नावाच्या सातवीतल्या मुलीनं एकदा विचारलं.

"बीमार थे," पूर्णिमा म्हणाली, आणि फळ्याकडे वळली.

गेल्या वर्षी डिसेंबरात तेलीबांध्याच्या एका सभागृहात आंतरशालेय स्पर्धा होती. दोन दिवस तिच्या अंगात ताप होता. तापात झटका येऊ शकतो हे तिला पाठ होतं. पण मुलींचा संघ पहिल्यांदाच उतरणार होता, न जाणं तिला शक्य नव्हतं. तिसऱ्या फेरीत अनुश्रीचा डाव बघत ती मागे उभी होती, आणि रबर जळाल्याचा वास आला. तिला भिंतीपर्यंत पोचायचं होतं. पोचली नाही.

या वेळी चप्पल कोणी धरली नाही. दोन पालकांनी फोन धरले. ती शुद्धीवर येऊन रिक्षात बसेपर्यंत तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला होता, आणि घरी पोचेपर्यंत शेजारणीच्या फोनवर आला होता.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं बोलावलं. बाई शांत होत्या. समोर अर्ज होता.

"आपने लिखा था, कोई बीमारी नहीं."

"हव मॅडम. लिखा था."

"क्यों?"

"सच लिखती तो आप रखतीं?"

बाईंनी अर्ज उलटा करून ठेवला. "पता नहीं," त्या म्हणाल्या. "पर अब तो आपने झूठ लिखा है. पेरेंट्स को मैं क्या बोलूं?"

मुलींना एकदा भेटू द्या, असं पूर्णिमानं विचारलं. परीक्षा जवळ आहेत, असं उत्तर मिळालं. शिपायानं तिचं लटकवायचं ओळखपत्र मागून घेतलं. दुपारची बस चुकली, पुढची दीड तासानं होती. त्या थांब्यावर एकटीनं उभं असताना तिला नोकरीपेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. इतक्यांदा गाशिमोव्हची गोष्ट सांगितली, आणि त्याचा आजार आपण गिळून टाकला. त्याच्या घरच्यांनी तो लपवला नव्हता. आपण लपवला.

घरी अंजनाबाई वाटच बघत होती. "म्या सांगतलं होतं ना, घराबाहेर पडू नको म्हणून."

"माय, तू मले लपवायलेच शिकवलं."

"नसती लपवली तर तुले बायको कोणी केली असती?"

"कोणीच नसती केली. बरं झालं असतं."

सत्तरी ओलांडलेली बाई मटकन खाली बसली. पूर्णिमानं तिला उठवलं नाही. दोघी आठ दिवस एका घरात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी अंजनाबाईनं भाकर तिच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खाऊन गोळी घे." आजवर ती गोळीला गोळी म्हणत नव्हती, 'ते' म्हणायची.

घरच्या शिकवणीला अकरा मुलं येत होती. पूर्णिमा एकेका घरी गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं, मला मिरगी आहे, फिट आली तर काय करायचं ते मी मुलांना शिकवणार आहे, चालत असेल तर पाठवा. कोणी चहा विचारला. कोणी दारातूनच म्हणालं, बघू. एक बाई रडली, तिच्या धाकट्या नणंदेलाही येते म्हणाली, डॉक्टरचं नाव विचारून घेतलं, आणि वर म्हणाली, "दीदी, किसी को बताना मत, उसका रिश्ता देख रहे हैं." पूर्णिमानं नाव दिलं. "मुलाकडच्यांना सांगा," असं दोनदा म्हणाली. बाईनं दार लोटलं.

अकरातली चार उरली. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी वर्ग भरू लागला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन डाव लागले होते, दोन्हींवर घड्याळं चालू. पूर्णिमाला तो वास आला आणि तिनं एवढंच म्हटलं, "अब आएगा." जाग आली तेव्हा ती कुशीवर होती, डोक्याखाली कोणाचा तरी स्वेटर. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव. चारही मुलं भिंतीला टेकून बसलेली, चेहरे पांढरे पडलेले. कोणाच्या हातात फोन नव्हता.

आठ वर्षांची स्नेहल पुढे सरकली. "दीदी, दो मिनट चालीस सेकंड," ती म्हणाली. "हमने दोनों घड़ी रोक दी थी. फिर एक से आपका टाइम देखा."

पूर्णिमानं बोलायचा प्रयत्न केला, शब्द जड येत होते. तिनं हातानंच खूण केली, बसा, चाल कोणाची आहे. मुलांनी घड्याळं पूर्ववत लावली. डाव पुरे झाले. स्नेहल हरली.

पुढच्या रविवारी तिघंच आले. स्नेहल आली नाही, तिच्या घरून निरोपही आला नाही. पूर्णिमानं साडेनऊपर्यंत वाट बघितली. मग दोघांना एका पटावर बसवलं, आणि तिसऱ्यासमोर काळे मोहरे घेऊन स्वतः बसली.