भाव होळीनंतर वाढावा

आपली मागणी एवढ्यात मान्य होऊ नये, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का? लगेच नाही म्हणू नका. मीही म्हटलं असतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा दारव्ह्याच्या बाजारात कापसाच्या भावाची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांवर मी अक्षरं गिरवायचे. त्यामुळे ‘आई’च्या आधी मला ‘जाहीर’ लिहिता आलं.

यंदा ठरवलं, पत्रकं कोणी वाचत नाही, गाणी करायची. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, घरीच मोबाइलवर रेकॉर्ड करायची. होळीच्या आत पाच. कोणी मागितली नव्हती, मुदतही कोणी घातली नव्हती. पण मुदत जाहीर केल्याशिवाय आंदोलन होत नाही, म्हणून मी पत्रक लिहून दारावर चिकटवलं. खाली ‘मोठ्या संख्येने ऐकावे’ असंही घातलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकू पाणी भरायला जाता-येता विचारू लागल्या, “किती झाले व गाणे?” सरकारला मुदत देणं सोपं असतं, सरकार आपल्या शेजारी राहत नाही.

पहिलं गाणं आईला ऐकवलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. दुसऱ्या अंतऱ्यात ‘आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे’ आलं, तशी ती थांबली.

“हे गाणं हाय का अर्ज?”

“गाणं हाय.”

“मंग सही कुठी करू?”

ती ओळ मी काढली. निषेध नोंदवून काढली.

पण शब्दांपेक्षा मोठी अडचण आवाजाची होती. अंगणात शेळी मधेच सूर लावायची, घरात टिनाच्या छपरावर आपटून माझाच आवाज परत यायचा. शेवटी कापसाची खोली सापडली. भावाची वाट पाहत बाबांनी सगळा कापूस घरातच ठेवला होता, पार वरपर्यंत. आत शिरून मी एक ओळ म्हटली आणि आवाज जिथल्या तिथे राहिला. मोठ्या स्टुडिओत भिंतींना जे काही चिकटवतात, ते आमच्याकडे शेतात पिकतं. एकच त्रास, कापसात बसलं की अंग खाजतं. तिसऱ्या गाण्यात ‘अन्याय सहन करणार नाही’ या ओळीनंतर खरखर येते, ते वाद्य नाही. ती माझी मान आहे.

चार गाणी झाली. पाचवं कापसाच्या भावावरचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून शेवटी ठेवलेलं, आणि त्याचीच चाल बसेना. आता घोळ असा की भाव वाढला तर बाबा कापूस विकणार, आणि कापूस गेला की खोली गेली. रोज दुपारी मी त्या ढिगात बसून भावासाठी गळा काढायचे. संध्याकाळी बाबा तोंड पाडून बाजारातून आले की मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी ते हसत आले.

“भाव चढला. उद्या गाडी बोलावतो.”

“थांबा ना बाबा जरासे,” मी म्हटलं. “अजून चढंल.”

“असं म्हणतं?”

शिकलेली पोरगी म्हणते म्हटल्यावर त्यांनी व्यापाऱ्याला नको सांगायला मोबाइल काढलासुद्धा. आई चुलीपाशी होती. मागे न बघताच तिने विचारलं, “तुहे गाणे किती राह्यले?”

“एक.”

“कोणतं?”

“भावाचं.”

बाबांनी मोबाइल खाली ठेवला. “म्हंजे भाव चढंल, हे तुले गाण्यानं सांगतलं?”

ज्या मागणीसाठी हा माणूस उन्हात पत्रकं वाटत फिरला, ती एका घरापुरती का होईना पूर्ण होत होती आणि मी तिच्या वाटेत उभी होते.

“इकून टाका,” मी म्हटलं. “उद्याच.”

सकाळी गाडी आली. कापूस दाबून बसावा म्हणून मीच वर चढून तुडवला. रिकाम्या खोलीत पाचवं गाणं म्हणून पाहिलं, तर ग्रामपंचायतीचा भोंगा पाणीपट्टी मागतो आहे असं वाटलं. होळी आली, गेली. काकूंनी दारावरचं पत्रक दाखवून पाचव्याची चौकशी केली. मी कारण सांगितलं.

“भाव तं भेटला,” त्या म्हणाल्या. “आता ते गाणं कोणाले आयकवतं?”

पुढच्या हंगामात लागेल काकू, हे मी त्यांना बोलले नाही, तुम्हाला सांगते. चाल आता बसली आहे. म्हणून ही विनंती: ज्यांच्या घरी अजून कापूस पडून आहे, त्यांनी मला एक दुपार ती खोली द्यावी. मोबाइल माझा, खाज माझी. तुम्ही फक्त तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा. आणि त्याच दुपारी भाव वाढला, तर मला कळवायच्या आधी गाडीवाल्याला फोन करा.